ओल्ड मॅनला दिलेला कोट

28 डिसेंबरच्या संध्याकाळी गल्लीतली पाच-सहा पोरं दारात आली. एकाच्या हातात चिरा पाडलेला पत्र्याचा डबा, दुसऱ्याच्या काखेत भाताचं पिंजार ठासून भरलेला पँटचा एक पाय. दुसरा पाय अजून तयार व्हायचा होता बहुतेक. ‘आंटी, ओल्ड मॅनला वर्गणी द्या की.’ मी पन्नासची नोट डब्यात सरकवली. त्यातल्या सगळ्यात बारक्यानं आत डोकावून विचारलं, ‘आणि जुनं कापड कायतरी हाय काय? अंगात घालायला त्याच्या?’ त्याच आठवड्यात मी माळा आवरायला काढला होता. जिन्याखाली आप्पांची काळी ट्रंक उघडी पडलेली, तिच्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलेला त्यांचा नंबर आणि नाव, आणि ट्रंकेच्या कडेवर टाकलेला तो कोट. फौजेचा, जाड लोकरीचा, पोटरीपर्यंत येणारा. एका खांद्यावर कसर लागली होती, अस्तर उसवलेलं होतं, आणि डांबरगोळ्यांचा वास तर असा की शिंकच यावी. तीन वर्षं मी तो या ट्रंकेतून त्या कपाटात आणि त्या कपाटातून परत या ट्रंकेत हलवत होते. ‘हा न्या,’ मी म्हटलं. दोघांनी मिळून उचलला. मोठा पोरगा दारातून वळून म्हणाला, ‘खरंच देताय आंटी? परत मागायचं नाही हां.’ मी हसले. दार लावलं. कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या शिट्टीला मला कळलं की मी आप्पांचा कोट जाळायला दिलाय.

बेळगावात वाढलेल्या माणसाला ओल्ड मॅन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सरत्या वर्षाचा म्हातारा. जुन्या कपड्यांत पिंजार, कागद आणि फटाके कोंबायचे, तोंडाला मुखवटा, डोक्यावर टोपी, आणि 31 तारखेला रात्री बाराच्या ठोक्याला चौकात पेटवून द्यायचा. गोव्यातही करतात, मुंबईत वांद्र्याकडे करतात, तिकडे खाली कोचीत त्याला पप्पांजी म्हणतात. आमच्याकडं तो मूळचा कॅम्पातला, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातला. पण पोरांना कुठलाही जाळ आवडतो, त्यामुळे कॅम्पातून तो शहापूर, टिळकवाडी, वडगाव असा गल्लोगल्ली कधी पसरला ते कुणाच्या लक्षातही आलं नसेल. गणपतीला वर्गणी मागणारी, दिवाळीला अंगणात मातीचे किल्ले करणारी आणि डिसेंबरात म्हाताऱ्याला पिंजार भरणारी पोरं तीच. त्यांचं वर्ष असंच तीन भागांत वाटलेलं असतं.

रात्री पुण्याला भावाला फोन केला. त्याला वाटलं मी सांगतेय म्हणजे काहीतरी मोठं झालंय. ऐकून म्हणाला, ‘बरं केलंस की. कसर लागली होती त्याला.’ मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. ‘खरं तो कोट आप्पांनी जमा कसा केला नाही गं? रिटायर होताना सगळं जमा करायला लागतं ना?’ हे मलाही कधी सुचलं नव्हतं. तीस वर्षं टाचणीचाही हिशेब ठेवणारा माणूस. घरात साबणाची वडी संपत आली की जुन्याचा तुकडा नव्याला चिकटवणारा. त्यानं हा कोट कसा ठेवून घेतला, की कुणाकडून पैसे देऊन घेतला, की कुणी जाताना दिला, कोण जाणे. विचारायचं राहून गेलं. भाऊ फोन ठेवता ठेवता म्हणाला, ‘तो जोधपूरचा ना?’

तो जोधपूरचा.

1986 सालच्या दिवाळीनंतर आम्ही जोधपूरला गेलो. मी चौथीत होते, भाऊ जेमतेम तीन वर्षांचा. आप्पांना तिथं पहिल्यांदाच फॅमिली क्वार्टर मिळालं होतं, त्यामुळे शाळा मध्येच सोडून आम्ही निघालो. बेळगावहून मीटर गेजची गाडी, मिरजेत उतरून मोठ्या रुळाची, मग दादरला उतरून होल्डॉल, ट्रंक, पाण्याची सुरई आणि भावाला घेऊन बॉम्बे सेंट्रल, तिथून अहमदाबाद, आणि तिथं परत बारका रूळ. मला त्या प्रवासातली आईची भाकरीची चवड आठवते. ज्वारीची, कडक करून बांधलेली, शेंगांच्या चटणीबरोबर. चौथ्या दिवशी मारवाडातल्या कुठल्याशा स्टेशनावर आईनं शेवटची भाकरी मोडली आणि बाहेर बघून म्हणाली, ‘हिथं झाडंच नाहीत गं.’ आई अथणीकडची, तिला काही हिरव्या गर्द रानाची सवय होती असं नाही. काळं रान, पांढरी ज्वारी, उन्हाळ्यात फुफाटा असलेलं तिचं माहेर. पण तिथलं उघडं रानही पेरलेलं तरी असायचं. इथं खिडकीबाहेर खेजडीची थोटकी झाडं, बाभळीची झुडपं आणि मधे नुसती जमीन. बेळगावला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्या शेवाळलेल्या भिंती, गंजणाऱ्या कड्या. आणि पुढं जैसलमेरकडं गेलं की वर्षाला दीड-दोनशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधानी. हे आकडे मी पुढं भूगोलात शिकले. तेव्हा एवढंच कळलं की इथं टॉवेल वाळत घातला की तासाभरात पापडासारखा कडक होतो.

थंडीला वास असतो हे मला जोधपूरला गेल्यावर कळलं, कारण तिथल्या थंडीला तो नव्हता. बेळगावची थंडी ओली असते. डिसेंबरात सकाळी वॅक्सिन डेपोच्या झाडांखालून चालताना वरून टपटप दव गळतं, धुक्यात मफलर गुंडाळलेली माणसं आधी खोकल्यानं ओळखू येतात आणि मग तोंडानं. भात कापून झालेलं असतं, येळ्ळूर-वडगावच्या शिवारात पिंजाराच्या गंजी लागलेल्या, त्यांचा गोडसर कुबट वास, पाला जाळल्याचा धूर, कुठं गुऱ्हाळ चालू असेल तर उकळत्या रसाचा वास. हे सगळं मिळून आमची थंडी. राजस्थानची थंडी कोरडी, स्वच्छ, भांडं घासून ठेवल्यासारखी. दिवसा अंगणात स्वेटर काढून बसावं असं ऊन आणि सूर्य बुडाला की कुणी दार उघडं टाकल्यासारखा गारठा. आप्पा सांगायचे, वाळू उधार ठेवून घेत नाही. दिवसभर घेतलेलं ऊन संध्याकाळी परत करून मोकळी होते. वर ढग नाहीत, हवेत ओल नाही, मग ऊब धरून ठेवणार कोण? उत्तरेकडून वारं सुटलं की आमच्या शेजारच्या मारवाडी बाई डोक्यावरची ओढणी पुढं ओढून म्हणायच्या, ‘डांफर चाले है.’ डांफर म्हणजे हिवाळ्यातलं बोचरं वारं. मला तो शब्द इतका आवडला की बेळगावला परत आल्यावरही मी कितीतरी दिवस डांफर आलं, डांफर आलं म्हणत गल्लीत पळायचे. पोरं मलाच डांफर म्हणायला लागली.

त्याच बाईंनी आम्हाला सोगरा खायला शिकवला. बाजरीची जाड, तळहाताएवढी भाकरी, चुलीत भाजून तिच्यात बोटानं खड्डे पाडायचे आणि त्या खड्ड्यांत तूप, वर गूळ. आमच्याकडं बाजरी म्हणजे भोगीचा पाहुणा. वर्षभर ज्वारी आणि भात, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ लावून बाजरीची भाकरी, लोणी, आणि वांगी, गाजर, पावटा, हरभरा सगळं एकत्र घातलेली भाजी. तिथं रोजच भोगी. आईला हे एकाच वेळी श्रीमंती आणि गरिबी दोन्ही वाटायचं. तूप बघितलं की श्रीमंती, भाजीच्या नावाखाली वाळवलेली केर-सांगरी बघितली की गरिबी. केर म्हणजे काटेरी झुडपाची फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. दोन्ही उन्हाळ्यात वाळवून ठेवलेलं. ‘झाडावरचं काहीच वाया घालवत नाहीत बघ हे लोक,’ आई म्हणायची, आणि मग स्वतःच्या पाटीतली कोथिंबिरीची देठं टाकायच्या आधी दोनदा बघायची. ही सवय तिला शेवटपर्यंत राहिली.

आमच्या त्या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे ओसियांची पिकनिक. युनिटच्या सगळ्या बायकापोरांना तीनटनी गाडीत घालून जोधपूरपासून साठेक किलोमीटरवर वाळूच्या धोऱ्यांवर, म्हणजे टेकड्यांवर, नेलं होतं. तोपर्यंत मला वाळू म्हणजे घर बांधताना दारात पडते ती. ढीगभर, मांजरांनी घाण केलेली. आणि इथं डोळा जाईल तिथपर्यंत. वरचा थर गार, पाय आत रुतला की कोमट. आम्ही पोरं धोऱ्याच्या टोकावरून बसून घसरत खाली येत होतो, पोतं अंगाखाली घेऊन. परत वर चढायचं म्हणजे दोन पावलं वर आणि एक पाऊल खाली. दुपारी लंगरच्या पातेल्यातली पुरी-भाजी, दातांत करकर वाळू. संध्याकाळी गाडीत चढताना वारं सुटलं आणि मी काकडायला लागले, तेव्हा आप्पांनी स्वतःचा कोट काढून माझ्या अंगावर टाकला. कॉलर उभी केली. गळ्याशी आतल्या बाजूला एक छोटी कापडी पट्टी होती, ती एका बाजूनं दुसऱ्या बाजूला ओढून बटणात अडकवली. ‘ही पट्टी लावल्याशिवाय कोटाचा उपयोग नाही,’ ते म्हणाले. ‘वारं गळ्यातून शिरतंय.’ लोकरीचं ते जाड कापड हनुवटीला टोचत होतं. बाही माझ्या बोटांच्याही खाली वीतभर लोंबत होती. मी त्या कोटात अख्खी मावून गेले आणि जोधपूर येईपर्यंत झोपले.

ते त्या पिकनिकनंतर चारच दिवसांत एक्सरसाइजला गेले. फौजेतल्या घरात एक्सरसाइज हा शब्द पावसासारखा असतो. येतो, जातो, कुणी कारण विचारत नाही. महिनाभर नाही, पत्र नाही. संक्रांत आली. आईनं कुंभारवाड्यातून सुगडं आणवली, बोरं तर तिथं हवी तेवढी. बारकी, लालभडक, आमच्या बोरांपेक्षा गोड. ऊस मिळाला एक कांडं, तोही वाळलेला. शेजारच्या बाईंकडं तेव्हा तेरा-तेरा वस्तू वाटायची पद्धत होती. तेरा करंड्या, तेरा रुमाल, जे काय असेल ते तेरा. आई म्हणाली, आम्ही पाच सवाष्णींना वाण देतो. त्या म्हणाल्या, पाच? एवढंच? आईला ते जरा लागलं. पण त्यांनी तिळाची गजक आणली, आईनं तिळाच्या वड्या दिल्या, आणि आईनं सवयीनं ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हटलं, मग ते त्यांना कळलं नसेल म्हणून हिंदीत सांगायला गेली आणि अडकली. लहानपणी तिच्या अथणीत ती हेच कानडीत म्हणायची: एळ्ळु बेल्ल तिंदु, ओळ्ळे माताडि. तिथं हलव्यालाही कुसुरेळ्ळु म्हणतात. म्हणजे आमच्या घरात गोड बोलायला दोन भाषा होत्या आणि तिसरीत ते जमेना. शेवटी बाईच म्हणाल्या, ‘मीठा बोलना है ना? म्हे तो रोज ही बोलां.’ दोघी हसत सुटल्या. त्या रात्री मी आईला पहिल्यांदा रडताना ऐकलं, पलीकडच्या खोलीत. मला वाटलं, तेरा वस्तू नाहीत म्हणून.

आता माहीत आहे की तो साधा एक्सरसाइज नव्हता. ब्रासटॅक्स. 1986 च्या नोव्हेंबरपासून 1987 च्या मार्चपर्यंत, लष्करप्रमुख जनरल सुंदरजींच्या काळातला, राजस्थानच्या वाळवंटात लाखो सैनिक आणि रणगाडे उतरवून केलेला सराव. जानेवारीत, बरोबर आमची संक्रांत झाल्यावर, दोन्हीकडची फौज सीमेवर समोरासमोर आली आणि सराव आहे की लढाई हेच कुणाला कळेना. मग फेब्रुवारीत पाकिस्तानचे अध्यक्ष झिया क्रिकेट बघायला जयपूरला आले आणि ताण उतरला. क्रिकेटचं मला आठवतं. रेडिओभोवती जवान उभे होते, आणि सगळ्या क्वार्टरांत एकदम पोळ्या लाटल्याचा, हसण्याचा आवाज सुरू झाला होता. मी तेव्हा समजले, आपण जिंकलो असणार. ती मॅच अनिर्णित राहिली होती, हे कितीतरी वर्षांनी कळलं. माझ्या आठवणीत तो हिवाळा म्हणजे घसरगुंडी, सोगरा, बोरं आणि सुट्टी. आईच्या आठवणीत काय होता हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि तिनंही ‘जोधपूरला तूप चांगलं होतं’ याच्यापलीकडं काही सांगितलं नाही.

जोधपूरहून जैसलमेरला जाताना वाटेत फलोदी लागतं, त्याच्याजवळ खीचन नावाचं गाव आहे. तिथं हिवाळ्यात करकोचे येतात, हजारोंनी, मध्य आशिया आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून. मारवाडात त्यांना कुरजां म्हणतात. गावकरी त्यांना रोज दाणे घालतात, मोठ्या कुंपणाच्या आत, वर्षानुवर्षं. पाचेक वर्षांपूर्वी नवरा आणि मुलाबरोबर जैसलमेरला गेले तेव्हा पहाटे मुद्दाम तिथं थांबले. आधी नुसता आवाज आला, कुठल्यातरी लांबच्या लग्नातल्या तुताऱ्यांसारखा, मग आकाशात रेघा दिसल्या, आणि मग त्या रेघा उतरायला लागल्या. राखाडी अंग, काळी मान, डोळ्याच्या मागं पांढरा तुरा. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं की मारवाडी बायका गाण्यातून या पक्ष्यांच्या हाती निरोप पाठवतात, परमुलखात गेलेल्या नवऱ्याला. हिवाळ्यात पक्षी येतो, माणूस येत नाही, म्हणून. मला बेळगाव, चंदगड, खानापूरची खेडी आठवली. घरटी एक फौजी, मराठा रेजिमेंटच्या सेंटरच्या मैदानावर धावून धावून भरती झालेली पोरं, आणि भात मळायला घरात उरलेल्या बाया. आमच्याकडं असा पक्षी का नाही कोण जाणे. आमच्या बायका पोस्टमनची वाट बघायच्या. त्यालाही सायकलीवरून लांब येताना बघून पहिल्यांदा त्याची टोपीच दिसायची.

त्या सहलीत आम्ही सम या गावाजवळच्या धोऱ्यांवर तंबूत राहिलो. पर्यटकांचा हिवाळा बघायचा होता मला. उंटाची सफर, जीपची सफर, उंटाच्या अंगावर केस कातरून काढलेली फुलं आणि मोर, रात्री मधोमध शेकोटी, भोवती गाद्या, एका बाजूला मांगणियार गवई बसलेले. त्यांच्यात एक म्हातारा कमायचा वाजवत होता. गजानं वाजवायचं ते वाद्य, बकऱ्याच्या कातड्यानं मढवलेलं, आवाज असा की गळा बसलेला माणूस रात्री उशिरा गातोय. चारच मिनिटं वाजवू दिलं त्याला. मग डीजे सुरू झाला आणि मुंबईच्या एका ग्रुपनं नाच सुरू केला. मी चिडले, आणि चिडले म्हणून नवरा माझ्यावर चिडला. त्याचं म्हणणं, तुझ्या लहानपणी तू पोत्यावर बसून घसरत होतीस, हे लोक नाचतायत, फरक काय? फरक मला सांगता आला नाही. आमचा मुलगा तोपर्यंत लांब अंधारात जाऊन वाळूवर उताणा पडला होता. त्याच्याशेजारी जाऊन पडले. तारे एवढे की बघून छाती दडपावी. मी बोटांनी वाळू उकरली. वरची गार, हातभर खाली कोमट, अजूनही.

परत आल्यावर फोटो आप्पांना दाखवले. आप्पा तेव्हा होते. चष्मा कपाळावर चढवून, मोबाईल लांब धरून त्यांनी सगळे फोटो बघितले. शेकोटीच्या फोटोवर थांबले. ‘ह्याचे पैसे घेतात?’ ‘पॅकेजमध्ये असतं आप्पा. तंबू, जेवण, शेकोटी, गाणं.’ ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आम्हाला त्या वर्षी आग लावायची बंदी होती. लांबून दिसते वाळवंटात. बिडी ओढायची झाली तर ओंजळीत धरून, तोंड खाली घालून. चहा दिवसाउजेडी.’ मी विचारलं, मग थंडीचं काय करायचा? ते म्हणाले, ‘खड्डा. संध्याकाळी खड्डा करून बसायचं, खालची वाळू गरम असते. मध्यरात्रीपर्यंत पुरते. पुढं कोट.’ आणि मोबाईल परत देताना, ‘दोन-दोन तासांचा पहारा. घड्याळ बघायचं नाही म्हणायचो एकमेकांना. बघितलं की वेळ जात नाही.’

एवढंच. त्याच्याआधी नाही, त्याच्यानंतर नाही.

आप्पांनी हिवाळ्यात शेकोटी कधी टाळली नाही, उलट त्यांच्यासारखी शेकोटी गल्लीत कुणी लावत नसे. रिटायर झाल्यावर ते एका दुकानात हिशेब बघायचे, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला दारात वाळक्या फांद्या, नारळाच्या करवंट्या, खोकी असं काय काय जमवून जाळ करायचे. दूध घालणारा थांबायचा, पेपरवाला थांबायचा, फिरायला निघालेले दोन मास्तर थांबायचे. ‘काय गा, काय करूलालाय?’ ‘शेकूलालोय, या की.’ मग कोण कुठल्या आजाराचं, कोण उसाच्या दराचं बोलायचं. मावशीकडं येळ्ळ अमावस्येला गेलो की तिथंही तेच. कडब्याच्या खोपीत पाच दगड मांडून पूजा, शेंगांची पोळी, कडक भाकरी, अंबिल, आणि मावशीचे यजमान चारही दिशांना घास टाकत रानात चरगा शिंपडत फिरायचे. संध्याकाळी ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसायची. कानडीत त्याला सीतनी म्हणतात आणि आम्ही हुरडा, आणि आप्पा कुठल्याही भाषेत सगळ्यांच्या आधी निखाऱ्यापाशी बसायचे. हात पसरून. तळवे जाळाकडं, बोटं ताठ. आम्ही हसायचो, आप्पा जाळाला आशीर्वाद देतायत.

तर हे सगळं मनात घेऊन मी 29, 30 अशा दोन रात्री काढल्या. परत मागावा का? पोरं म्हणाली होती परत मागायचं नाही. आणि मागून करायचं काय? पुन्हा ट्रंक, पुन्हा डांबरगोळ्या. 30 तारखेला भाजी आणायला गेले तेव्हा मुद्दाम चौकातून गेले. ओल्ड मॅन खुर्चीत बसवला होता, अंगावर अजून काहीच नव्हतं, नुसतं पिंजाराचं पोट सुतळीनं आवळलेलं. तोंडाला रंगवलेला पुठ्ठा, तोंडात विझलेल्या सिगारेटीसारखा खडू. कोट कुठं दिसला नाही. मला एकदम बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला. एक मन म्हणत होतं, ज्या माणसाला त्या थंडीत काडी ओढायची बंदी होती त्याचा कोट एकदा भरभरून पेटू दे की. दुसरं मन म्हणत होतं, हे तुला सुचलंय, तुझ्या सोयीचं, कोट त्याचा आहे. दोन्ही मनं खरी होती आणि दोन्हींना कंटाळून मी मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी आले.

31 ला रात्री साडेअकराला शाल गुंडाळून निघाले. नवरा टीव्हीसमोर झोपला होता. बेळगावचं थर्टीफर्स्ट म्हणजे कॅम्पात गर्दी, बेकऱ्यांसमोर केकचे डबे घेतलेली माणसं, आणि आमच्या बाजूला तसं सामसूम. मधूनच एखादी मोटारसायकल सायलेन्सर काढून जाते तेवढीच. धुकं उतरायला लागलं होतं. रस्त्यावरच्या दिव्याखाली ते आळशी धुरासारखं फिरत होतं. चौकात ओल्ड मॅन तयार. अंगात कुणाचा तरी जांभळा रेनकोट, गळ्यात पट्टी, पायांत दोन वेगवेगळे बूट. आणि त्याच्या खुर्चीशेजारी, दुसऱ्या खुर्चीत, आप्पांचा कोट घातलेला तो बारका पोरगा. गुडघे पोटाशी घेतलेले, बाह्या हातांच्या खाली वीतभर लोंबत होत्या.

मला बघून तो उठला. घाबरला असावा. ‘आंटी, हे जाळायचं नाही ठरलं. लई गरम हाय.’ मग एका दमात, ‘पलीकडच्या गल्लीतली पोरं येतात रात्री, आधीच पेटवून पळतात. गेल्या वर्षी आमचा ओल्ड मॅन 30 लाच जळाला. म्हणून पहारा हाय. तीन रात्री झाल्या, पाळीपाळीनं घालतो. माझी पाळी बारापर्यंत.’ बाकीची पोरं हॉटेलच्या कट्ट्यावर मोबाईलभोवती गोळा झालेली. मी त्याला विचारलं, झोप नाही येत? तो म्हणाला, ‘घड्याळ बघितलं की येते.’

कोटाचा गळा उघडा होता. धुक्यानं त्याच्या शर्टाची कॉलर दमट झाली होती, नाकाचा शेंडा लाल. मी त्याच्यासमोर वाकले, कॉलर उभी केली, आणि बोटांनी आत चाचपडत ती पट्टी शोधली. होती. एका बाजूचं बटण तुटलं होतं, पण काज शाबूत होतं, म्हणून मी माझ्या शालीची पिन काढून ती पलीकडं टाचली. ‘ही लावल्याशिवाय उपयोग नाही ह्याचा,’ मी म्हटलं. तो हनुवटी वर करून, टोचतंय म्हणून मान इकडंतिकडं हलवत उभा राहिला.

बारा वाजले. पोरं ओरडत आली, कुणीतरी काडी ओढली, पिंजारानं पेट घेतला आणि जांभळा रेनकोट आधी आक्रसून मग भडकला. फटाके फुटायला लागले तशी सगळी गल्ली पुढं सरकली, हात पसरून, तोंडं उजळलेली. बारका तेवढा चार पावलं मागं गेला. ठिणगी लागेल म्हणून त्यानं कोटाचे दोन्ही पदर हातांनी गोळा करून पोटाशी धरले होते, आणि तो तिथं लांब, खांबाच्या सावलीत उभा राहून जाळ बघत होता.